वेग चारवर बांधायचा

आमचं मूळ निपाणीकडचं, आजोबा कापडाच्या धंद्यासाठी हुबळीला आले आणि इथलेच झाले, मी मात्र कापड सोडलं आणि दुर्गदबैलच्या बाजारात कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान टाकलं. आता दुरुस्ती कमीच बघा, लोक जुन्या लग्नांच्या सीड्या घेऊन येतात, पेन ड्राइव्हवर घालून द्या म्हणतात.

काय सांगू तुम्हाला, डबीतून ओढून ओढून सीडीच्या मधल्या भोकाजवळ बारीक चीर पडलेली असते, आणि ड्राइव्ह असतो बावन्नचा, म्हणजे गाणी वाजवायच्या वेगाच्या बावन्नपट पळवणारा, त्या वेगाला चिरलेली सीडी टिकत नाही, आतच फुटते. म्हणून मी आधी वेग चारवर बांधतो, मग सीडी घालतो. कलघटगीच्या एक आजी आलत्या, सावकाश माडप्पा म्हणाल्या, म्हणजे सावकाश कर बाबा, मी म्हटलं अज्जी, माझा धंदाच सावकाशीचा. आपल्यात आणि कन्नडात शब्द एकच की ओ.

तर आमची अक्का, माझी थोरली बहीण, ती वारली. महिन्याभरानं आईनं तिच्या लग्नाची सीडी कपाटातून काढून माझ्या हातात दिली. त्यात अक्का नाव घेताना अडखळते आणि हसते, तिचा आवाज म्हणून तेवढाच राहिलेला. चीर होतीच. मी वेग चारवर बांधला, तेवढ्यात करंट गेला, परत आला, मी मशीन चालू केलं आणि सीडी घातली. करंट गेला की बांधलेला वेग सुटतो, ड्राइव्ह परत बावन्नवर जातो, हे मीच गिऱ्हाइकांना कितीदा सांगितलंय. आवाज चढत गेला, मला कळत होतं, पण हात बटणाकडे गेलाच नाही, मी नुसता ऐकत बसलो, ऐकत बसलो, आणि फुटली. रडू आलं नाही, काहीच आलं नाही. तुकडे गोळा केले, डबीत घातले, पुढचं गिऱ्हाईक बघितलं.

घरी आई म्हणाली झालं का रे, मी म्हटलं चीर आहे आई, सावकाश वाचावं लागतंय. त्याला वर्ष होत आलं. रोज जेवताना ती विचारते, रोज मी तेच सांगतो, आता सांगताना काही वाटतसुद्धा नाही.

काल मी निघताना माझ्या डोक्यावर हात ठेवून म्हणाली, होऊ दे सावकाश, घाई करू नको, माझ्या लेकीला किती जपतोयस, देव तुझं भलं करो. मी बरं म्हटलं आणि दुकानाला आलो.