अपघाताविना दोनशे अठ्ठ्याण्णव दिवस

सन्माननीय अध्यक्ष, म्हणजे आमचे मोठे साहेब. व्यासपीठावरच्या प्रमुख पाहुण्या डॉक्टरीणबाई. आजचे सत्कारमूर्ती, आपले स्टोअरकीपर मामा. त्यांच्या शेजारी संकोचून बसलेल्या मामी. आणि खुर्च्या रिकाम्या असूनही मागच्या भिंतीला टेकून उभे असलेले माझे परांची बांधणारे गडी, सगळ्यांना माझा नमस्कार.

मी सातवी नापास. भाषण लिहून आणलंय, पण एका जागी उभं राहायची सवय नाही. मी हललो तर माईकवाल्यांनी घाबरू नये.

मामांविषयी या गोदीत तीस वर्षांत एकच तक्रार ऐकू आली: नंबराचा बिल्ला हातात पडल्याशिवाय हा माणूस साधा पाना देत नाही. एकदा खुद्द मोठ्या साहेबांनी हातोडी मागितली, तर मामा म्हणाले, “बिल्ला?” साहेब हसतायत, म्हणजे खरं आहे.

आता गेल्या वर्षीचं सांगतो. फाटकाशी फळा आहे, अपघाताविना किती दिवस गेले त्याचा. तीनशे भरले की सगळ्यांना चार दिवस भरपगारी सुट्टी. दोनशे नव्वदाव्या दिवशी मी शिडीवरून घसरलो आणि डोकं खांबावर आपटलं. हेल्मेट? ते खाली खिळ्याला, उकडत होतं म्हणून. रक्त नाही, टेंगूळ तेवढं. मुकादमांनी विचारलं, “कळवायचं काय?” मीच म्हणालो, “कुणी तोंड उघडलं तर बघा! माझ्यापायी सगळ्यांची सुट्टी घालवू?” खरं तर त्या चार दिवसांना माझी साठलेली रजा जोडून मला आईकडे जायचं होतं. तीन वर्षं तिला पाहिलं नव्हतं.

मग डोकं ठणकायला लागलं. गोळ्या खात राहिलो. गड्यांनी माझं काम आपसांत वाटून घेतलं. माझा बिल्ला नेऊन माझी अवजारंसुद्धा तेच आणायचे, म्हणजे मी स्टोअरच्या खिडकीशी मामांच्या नजरेला पडायला नको. प्रेमानंच, बरं का. त्या प्रेमात मी मेलोच असतो, असं डॉक्टरीणबाईंनी नंतर ऐकवलं.

आठव्या दिवशी मी स्वतःच खिडकीशी गेलो. एरवी मामांशी भांडल्याशिवाय मला पाना पचत नाही. त्या दिवशी गप्प.

“काय रे वाऱ्या, जीभ घरी ठेवून आलास?”

मला वाऱ्या म्हणतात. बिल्ला माझ्या उजव्या हातातून पडला. उचलला, पुन्हा पडला. मामांनी दोरीचा तुकडा पुढे टाकला. “गाठ मार.” दिवसाला शंभर गाठी मारणारा मी, नुसता दोरीकडे बघत राहिलो.

भर पाळीत मामांनी खिडकी बंद केली, बाहेर आले. “काय झालंय याला?”

मुकादम म्हणाले, “सुट्टी जाईल, मामा.”

“हा गेला तर सुट्टीत काय करणार? खांदा देणार?”

कवटी आणि मेंदू यांच्यामध्ये रक्त थेंब थेंब साठत होतं, मेंदू दाबला जात होता. डॉक्टरीणबाईंनी दोन भोकं पाडून ते काढलं. इकडे मामांनी स्वतःच्या हातानं फळ्यावर शून्य लिहिलं. सुट्टी गेली. मामांनी चुगली केली, असं ठरलं. मी सांगितलं असतं हो, पण मला शब्दच येत नव्हते. डोक्यात दिसायचे, तोंडात भलतेच यायचे.

दर साप्ताहिक सुट्टीला मामा पिशवीत अवजारं भरून दवाखान्यात हजर. पक्कड धरायचे. “हे काय?” मी म्हणालो, “आई.”

“कळवतो तिला, पोरानं तुझी पक्कड केली म्हणून.”

नर्स हसली, मीही हसलो, आणि मग रडलो. “रडतोस काय? बोल.” नाव बरोबर आल्याशिवाय अवजार पिशवीत जायचं नाही. सहाव्या खेपेला मी “पक्कड” म्हणालो. मामांनी पिशवी आवळली. “झालं. आता कामावर ये आणि भांड.”

आलो. भांडलोही. पण सांगायचं ते राहूनच गेलं. आज सांगतो आणि मोकळा होतो. गड्यांनो, सुट्टी मामांनी घालवली नाही, मी घालवली. गप्प राहा म्हणणारा मी होतो. मुकादम, मान वर करा, माझा राग नाही. आणि मामी, परवा तुम्ही मला विचारलंत, त्या दिवसांत ह्यांचा डबा अर्धा परत का यायचा. त्यांच्यासोबत जेवायला कुणी बसत नव्हतं, मामी. ते त्यांनी तुम्हाला सांगितलं नसणार.

बोलू दिलंत, साहेब, आभारी आहे. डॉक्टरीणबाई, तुमचे आभार तर कुठल्या तोंडानं मानू. हे तोंडही तुमच्यामुळेच चालतंय. वाचताना मध्येच शब्द अडकला असेल, भलता आला असेल, तर सांभाळून घ्या. तेवढं थोडं राहणारच, असं बाईच म्हणाल्यात.

आता जेवण आहे. मामांच्या एका बाजूला मामी बसतील. दुसरी खुर्ची मी मोकळी ठेवलीय.

मुकादम, या.