ऑर्केस्ट्राला ठेवलेला गाळा

...नाही हो वकीलसाहेब, चूक तुमची नाही, मूर्ख मीच. मृत्युपत्र केलं ते केलं — पेढे कशाला वाटले? मृत्युपत्राचे पेढे कोणी वाटतं का? मी वाटले. अख्ख्या ऑर्केस्ट्राला बसवून सांगितलं, पोरांनो, माझ्या मागे हा अंबरनाथचा गाळा तुमचा, प्रॅक्टिसला कुणाच्या दारात जाऊ नका. जयदेव — कीबोर्डवाला हो, ऑर्केस्ट्रा रजिस्टर नाही म्हणून तुम्ही ज्याचं नाव घातलंत — तो पेढा तोंडात तसाच धरून रडायला लागला. मला वाटलं, आनंदाने. कसला आनंद! त्यांना वाटलं, ताईला काहीतरी मोठं झालंय.

का म्हणजे काय? पंचेचाळिशीतली बाई धडधाकट असताना मृत्युपत्र करेल कशाला, असं त्यांचं डोकं. मी शपथा घेतल्या — जेवढ्या घेतल्या तेवढे जास्त रडले. मग अमित — निवेदन करतो तो, माइक हातात आला की ह्याला आवरत नाही — त्याने जांभूळ गावातल्या एका हळदीत स्टेजवरून माझं नाव घेतलं, गाळ्याचं सांगितलं आणि म्हणाला, रंजनाताईंसाठी सगळे उभे राहूया! त्याला टाळ्या हव्या होत्या हो. लोक उभे राहिले आणि मान खाली घालून गप्प. नवरदेवसुद्धा, हळद माखलेला! दुसऱ्या दिवशी उल्हासनगरची सिंधी भाभी ब्लाऊजचं कापड परत न्यायला आली — मी दार उघडलं तर किंचाळली, "दीदी, तुम तो गयी थी ना?" म्हटलं, गेले होते, तुमची बाही राहिली म्हणून परत आले.

हसा, हसा. मीपण हसले. पण आता प्रॅक्टिसच बंद आहे त्याचं काय? म्हणजे येतात — रोज येतात, चपला बाहेर काढून, शहाळं घेऊन, दवाखान्यात बसल्यासारखे ओळीने बसतात. मी म्हणते, वाजवा रे. नको ताई, तुम्ही आराम करा. अरे, आराम करायला गाळा दिला का मी? ती रिद्धी, जिचं गाणं पार नाक्यापर्यंत ऐकू जायचं, ती कुजबुजते! आणि ऑक्टोपॅडवर चादर टाकलीये — चादर!

मला काय फरक पडतो? काही नाही. गाण्यातलं मला कुठे काय कळतं, मी त्यांच्या कोटांना टिकल्या लावणारी बाई. फक्त तो ऑक्टोपॅड — तो आमच्या ह्यांचा ना. हे गेल्यापासून दुसरा मुलगा वाजवतो, पण मी आत मशीनवर असते, पाठमोरी, आणि पाय त्या ठेक्यावर चालतो हो आपोआप... मागे वळून बघायचंच नाही, की झालं. तेवढा वेळ — जाऊ दे. टीप सरळ येते, एवढंच म्हणायचंय मला. हल्ली सगळं वाकडं शिवतेय, उसवतेय, परत शिवतेय.

म्हणून आले. रद्द नाही करायचं, छे, गाळा त्यांचाच. एक ओळ वाढवा, बस. लिहा — ह्या बाईला काहीही झालेलं नाही, तिच्या डोक्यावर बसून वाजवा, फुल आवाजात, आजपासून. आजपासून नक्की टाका हं. लिहा ना, थांबलात का?

— ताई, मृत्युपत्र माणूस गेल्यावर वाचतात.