सिल्व्हर ओकमधल्या दोन वायरी

आमचं मूळ निपाणीचं, पण जन्म माझा बेंगळुरूचाच. बाबा इथल्या सरकारी कारखान्यात होते, पुढे मीही तिथंच तपासणी विभागात लागले, जन्मभर पार्ट मोजले, केसाएवढा फरक निघाला तरी बाजूला काढायचा, आणि तीच सवय घरातही आली, भाजीवाला म्हणायचा, अक्का, स्वल्प सोडा की. मी कुठली सोडते.

यशवंतपूरला आमचं घर, दारात सिल्व्हर ओक, आमच्या ह्यांनी लावलेला, ते गेले, झाड वाढत राहिलं. सरळ वाढतं हो, पण लाकूड ठिसूळ. यंदा मे महिन्यात एका दुपारी वारापाऊस असा सुटला की काय सांगू तुम्हाला, अर्धं झाड मोडून गेटवर आडवं, एक फांदी वर अडकून लोंबतेय, आणि गल्लीभर लाइट गेलेली. दुसऱ्या दिवशी सासूबाईंच्या डोळ्याचं ऑपरेशन आणि गाडी गेटाच्या आत. माझा धाकटा दीर सुधीर कुठूनशी मशीनची करवत घेऊन आला आणि पायात चप्पल तशीच निघाला झाडाकडं.

मी म्हटलं थांब, त्यात वायर आहे. तो म्हणाला वहिनी, ती इंटरनेटची, मीच बांधली होती झाडाला, आणि लाइट नाहीच आहे, भितेस कशाला. खरं होतं, आमच्याकडं सगळेच झाडाला वायरी बांधतात. पण मी वरच्या खिडकीतून बघितलं होतं, खांबाकडून झाडात रोज एक वायर जाते, त्या दिवशी दोन जात होत्या, दोन्ही काळ्या, भिजलेल्या. हा म्हणतो, वादळात वायरी कसल्या मोजतेस, आईचं ऑपरेशन चुकेल. मी त्याच्या हातातून करवत घेतली, पायरीवर बसले, करवत पदराखाली.

समोरची रत्नम्मा ओरडली, काय हो, पोराची करवत लपवता, देऊन टाका की. मी म्हटलं नाही देत, लाइटवाले येऊन खांबावरून बंद करू देत, मग काय ते. फोन लावत होते, लागत नव्हता, परत लावत होते. सुधीर चिडला, तू अशीच, कुणाचं ऐकायचं नाही, आणि मग करवत राहू दे, हातानं ओढतो म्हणून उठला. मी त्याचा शर्ट मागून धरला, जोरात, शिवण उसवली बघा.

तेवढ्यात लाइट आली. गल्लीत पोरं हो म्हणून ओरडली आणि आमच्या गेटापाशी चर्रर्र झालं, ओल्या पाल्यातून धूर. सुधीरच पोरांना मागं हाकलायला लागला.

मग रत्नम्माच पायातल्या वहाणा तिथंच टाकून नाक्यावर पळाली आणि लाइनमनला घेऊन आली. त्यानं खांबावरून बंद केलं, आधी लोंबती फांदी दोरानं उतरवली, मग टोकाकडून तुकडे, आम्ही सगळे दूर. सासूबाईंना सकाळी मागच्या बोळातनं रिक्षानं नेलं, ऑपरेशन नीट झालं, आता पेपर वाचतात.

अर्धं झाड अजून उभं आहे. वारा सुटला की मी सगळ्यांना आत घेते, कुणी काही बोलो. सुधीर अजून येणाऱ्याजाणाऱ्याला सांगतो, आमची वहिनी भलती हट्टी. सांगू दे. सांगायला आहे ना तो.