डॉक्टरांचा उजवा हात

रॉइस : माणूस शस्त्राला घाबरत नाही, नदीन. माणूस अज्ञानाला घाबरतो.

नदीन : बरं. नळी समोर ठेव.

रॉइस : समोरच आहे.

नदीन : समोर म्हणजे मातीच्या बांधाकडे. तू ती सलूनच्या पाटीकडे नेतोयस. आणि गुडघे का हलतायत?

रॉइस : वारा आहे.

(ॲरिझोना. जुन्या काउबॉय पोशाखातल्या नेमबाजीचा शनिवारचा सामना. फळ्यांच्या खोट्या सलूनसमोर दंतवैद्य रॉइस टॉलिव्हर लोकरी जाकीट घालून, जुन्या घाटाचं रिव्हॉल्व्हर दोन्ही हातांनी धरून उभा. पाठीशी त्याची बायको नदीन, आजची पंच. बाजूला हुकलेल्या गोळ्या मोजायला डीकन. हे त्याचं खेळातलं नाव. पोटाचा धंदा अंत्यसंस्कारांचा.)

नदीन : काय झालं ते नीट सांग.

रॉइस : चाप ओढला. फुट्ट झालं. बस्स. पहिलीच गोळी.

डीकन : मी ऐकलं. पोरांच्या पिस्तुलात टिकली वाजते ना, तसं.

नदीन : म्हणजे टिकली वाजली, पण दारूचा बार झाला नाही. एक तर आत ठिणगी धुमसतेय आणि बार उशिरा होईल.

रॉइस : उशिरा म्हणजे कधी?

नदीन : ते कळत असतं तर मी तुला असं उभं केलं नसतं. नाहीतर मग टिकलीच्या धक्क्याने गोळी कप्प्यातून निघून नळीत अडकलीय.

रॉइस : यातलं बरं कुठलं?

डीकन : वाट दोन्हीत बघावी लागते, डॉक्टर.

रॉइस : मी हे खाली ठेवतो.

नदीन : ठेवू नकोस. टेबलावर उडालं तर उसळून कुणाकडे तोंड करेल सांगता येत नाही. मी म्हणेपर्यंत धरून राहा.

रॉइस : माझा उजवा हात आहे हा, नदीन. याच्यावर घर चालतं. सोमवारी मिसेस ऑग्डेनची अक्कलदाढ काढायचीय. आडवी आहे.

डीकन : मिसेस ऑग्डेनची घाई नसेल.

रॉइस : मी एक करतो. घोडा पुन्हा मागे ओढतो. पुढचा कप्पा येईल, तो चांगला असेल.

नदीन : अंगठा काढ घोड्यावरून. काढ आधी. नळीत गोळी अडकलेली असली आणि मागून दुसरी गेली, तर नळी फुटते. तुझ्या तोंडापासून हातभर अंतरावर.

रॉइस : मला माहीत आहे. सकाळी त्या टूसनच्या नवीन मुलीला मीच शिकवलं हे.

नदीन : मग?

रॉइस : शिकवताना हातात नव्हतं.

डीकन : ग्लोब गावच्या व्हर्जिल पीट्सने असाच दुसरा बार काढला होता. देखणा माणूस.

रॉइस : होता?

डीकन : आहे. उन्हाळ्यातही हातमोजा घालतो, एवढंच.

नदीन : डीकन, तू बोलू नकोस.

डीकन : मी धीर देतोय. माझ्याकडे येणारी माणसं फार शांत असतात, त्यामुळे सवय नाही.

रॉइस : घाम डोळ्यात जातोय. पुसू का?

नदीन : नाही. मी पुसते. हलू नकोस.

रॉइस : तू रागावली आहेस ना माझ्यावर?

नदीन : हे आत्ता?

रॉइस : सकाळी कॉफी नव्हती. कालचा गार पाव पुढ्यात टाकलास. पस्तीस वर्षांत पहिल्यांदा. मला तेव्हाच कळलं.

नदीन : काय कळलं?

रॉइस : की रिव्हॉल्व्हरवरून अजून धुमसतेयस. काडतुसांचं घे, सगळे घेतात, असं तू म्हणालीस. मी म्हटलं, काडतुसं काय, कुणीही भरतो. दारू मोजून ओतावी, वर पीठ घालावं, वर शिशाची गोळी दाबावी, मागे टिकली बसवावी, त्याला माणूस लागतो. जास्त बोललो मी. आत्ता सांगतो, नाहीतर राहून जाईल.

डीकन : राहून गेलं, असं खूप जण म्हणतात. म्हणजे त्यांच्या बायका म्हणतात.

नदीन : डीकन.

डीकन : गप्प.

रॉइस : नदीन, तू मागे जा.

नदीन : मी मागेच आहे.

रॉइस : आणखी मागे. तिकडे खुर्च्यांपाशी.

नदीन : नाही.

रॉइस : मग माझा पट्टा कशाला धरलायस?

नदीन : तू घाबरून मागे वळलास तर नळीही वळेल. पंचाने धरायचं असतं.

रॉइस : हात थरथरतोय तुझा.

नदीन : वारा आहे.

डीकन : नियमाचं मिनिट केव्हाच होऊन गेलं, नदीन. दुसरंही होत आलं.

नदीन : दुसरंही होऊ दे.

रॉइस : मी रुग्णांना सांगतो, दोन मिनिटांत संपेल, कळणारही नाही. आता यापुढे नाही सांगणार.

नदीन : झालं. हळूच टेबलावर टेकव. बांधाकडे तोंड करून. बोटं सोड. सोड, रॉइस.

रॉइस : सुटत नाहीत.

नदीन : मी सोडवते. एक. हं. आता बाजूला हो. डीकन, पितळी काडी दे. किती कप्पे भरलेस?

रॉइस : पाच. सहावा रिकामा, घोडा त्याच्यावर.

नदीन : तेवढं तरी. मी घोडा अर्ध्यावर आणतेय, म्हणजे कप्प्यांची चक्री मोकळी फिरेल. कुणी बोलू नका. ही टिकली निघाली. ही दुसरी. तिसरी... ही चौथी. पाचवी वाजलेलीच. आता टिकली एकही नाही. डीकन, नळी अडकवलेली पाचर ठोकून काढ.

डीकन : निघाली. नळी ओढ.

नदीन : आली. आरपार उजेड दिसतोय. नळी मोकळी आहे.

रॉइस : म्हणजे गोळी अजून कप्प्यात. म्हणजे धुमसतेय. नदीन, ठेव ती चक्री. खाली ठेव म्हणतो ना.

नदीन : इतका वेळ काही धुमसत नाही.

रॉइस : तूच म्हणालीस सांगता येत नाही.

नदीन : म्हणाले होते. डीकन, चेहरा लांब ठेवून टिकली बसते ती मागची बोंडी काढ.

डीकन : काढतो. अशा कामाला माझा हात हलका आहे. निघाली. आता मागून सळईने गोळी ढकलतो. आली. आणि हे...

नदीन : हे पिवळं काय?

डीकन : थांब. बोट लावतो.

रॉइस : चाटू नकोस ते.

डीकन : मक्याचं पीठ.

रॉइस : ते असणारच. गोळी घट्ट बसावी म्हणून दारूवर घालतातच. त्याखाली दारू असेल.

डीकन : पिठाखाली पीठ आहे, डॉक्टर. दुसरा कप्पाही तोच. तिसराही. याच्याने कोंबडी मरणार नाही. खाईल उलट.

नदीन : रॉइस, कोणत्या बुधल्या आणल्यास तू?

रॉइस : दोन. एक दारूची, एक पिठाची.

नदीन : दाखव.

रॉइस : या. ही... पिठाची. आणि ही... ही पिठाची जुनी. दिसायला सगळ्या सारख्याच आहेत गं.

नदीन : दारू काळी असते. पीठ पिवळं असतं. ओतताना बघितलं नाहीस?

रॉइस : मी त्या टूसनच्या मुलीकडे बघून बोलत होतो.

नदीन : काय बोलत होतास?

रॉइस : भरताना कुणाशी बोलू नये, हेच.

डीकन : मी पाच हुकल्या धरतो. पिठाबद्दल नियम नाही.

नदीन : मग दारूची बुधली कुठंय?

रॉइस : घरी. स्वयंपाकघरात. काल रात्री तिथे उजेड चांगला होता म्हणून...

नदीन : स्वयंपाकघरात कुठे?

रॉइस : शेगडीपाशी.

नदीन : पाशी म्हणजे?

रॉइस : टेकून.

नदीन : दारू. शेगडीला टेकून.

रॉइस : नदीन. तू आज सकाळी कॉफी ठेवली असतीस तर...

डीकन : तर मी आज दोघांचं बघितलं असतं. जोडीने स्वस्त पडतं.

रॉइस : तुझ्या रागाने वाचलो आपण. आयुष्यात पुन्हा कधी बोलणार नाही त्या रागाला.

नदीन : राग कसला, रॉइस. शेगडी काल दुपारपासून पेटतच नाही.