गळालेल्या नियमांची तपासणी

आजच्या निरोप समारंभाचे अध्यक्ष, आपल्या रुग्णालयाचे विश्वस्त माननीय विश्वंभररावजी, व्यासपीठावरील सन्माननीय डॉक्टर मंडळी, सत्कारमूर्ती रत्नपाल खिल्लारे सर, त्यांच्या पत्नी पद्माकाकू आणि माझ्या सहकाऱ्यांनो,

सरांनी बावीस वर्षं संगणक विभाग कसा सांभाळला, हे आधीच्या वक्त्यांनी सांगितलंच. मला एकच प्रसंग सांगायचा आहे. दोन मिनिटं जास्त लागली तर अध्यक्षांनी सांभाळून घ्यावं.

आपल्या नेटवर्कच्या दारावर फायरवॉल आहे. बाहेरून आलेलं माहितीचं कुठलं पॅकेट आत सोडायचं, कुठलं अडवायचं, याचे सहाशे नियम तिच्यात साचले होते. गेल्या वर्षी नियम आटोपशीर करणारं नवं सॉफ्टवेअर आलं. त्यानं सहाशेचे दीडशे केले. अर्थ तोच राहिला का, हे तपासायचं काम माझं. मी दीडशेच्या दीडशे तपासले, 'योग्य' असा शेरा मारला आणि सही केली.

सरांनी कागद पाहिला. म्हणाले, "ऐश्वर्या, उरले ते बराबर तपासलेस. गळाले त्यांचं काय?"

"सर, ते तर आता न्हाईतच."

"म्हणून तर इचारून राहिलो."

मग जुन्या यादीतल्या एकेका नियमासाठी त्यांनी चाचणीचं पॅकेट तयार केलं आणि ते दोन्ही याद्यांतून सोडायला मला बसवलं. तिसऱ्या दिवशी एक पॅकेट जुन्या यादीतून गेलं, नव्या यादीत अडलं. ते आपल्या कळमनुरी केंद्रातल्या ईसीजी यंत्राचं होतं. सगळंच अडवणाऱ्या एका मोठ्या नियमाच्या आधी, त्या यंत्रापुरती सूट देणारा छोटा नियम होता. तो मोठ्या नियमातच आला असं धरून सॉफ्टवेअरनं उडवला होता. माझ्या सहीवर ती यादी लागू झाली असती, तर छातीत कळ आलेल्या माणसाचा ईसीजी इथल्या डॉक्टरांपर्यंत पोहोचला असता का? हा विचार मला आजही सोसत नाही.

पुढे सॉफ्टवेअर बनवणाऱ्यांना कळवताना, दोष शोधणारी म्हणून सरांनी माझं नाव घातलं. मी विचारलं, "सर, माझं नाव काहून?" म्हणाले, "पॅकेट तूच सोडलंस ना?" त्यांचं माझ्या नावानं आभाराचं पत्र आलं, तुम्ही टाळ्या वाजवल्या, आणि मी गप्प राहिले. मला लाज वाटते. त्याच पत्रामुळे उद्यापासून सरांच्या जागी माझी नेमणूक झाली आहे.

अध्यक्षमहाराज, तो दोष सरांनी शोधला. मी त्यावर 'योग्य' लिहिलं होतं. नेमणुकीचा फेरविचार करावासा वाटला, तर माझी तक्रार नसेल.

सर मला खुणेनं खाली बसायला सांगत आहेत. सर, आज एवढं ऐकणार नाही.

आपण शांतपणे ऐकून घेतलंत, मी ऋणी आहे. बोलण्यात उणंअधिक झालं असेल तर पोटात घाला. माझ्या सहीचा तो कागद मात्र मी सोबत आणला आहे. तो अध्यक्षांच्या हाती देते आणि मगच खाली उतरते.