नवी नोट चालत नाही

नाही ताई, ती घालू नका — थांबा, थांबा. नवी नोट आहे ना ती? चालत नाही. हजाराचीच आहे, बरोबर आहे, पण पेटीवरचं सुटे देणारं यंत्र जुनं, त्याला जुन्याच नोटा कळतात. नवी घातली की अडकवून बसतं, मग डेपोतनं माणूस येईपर्यंत गाडी जागेवर. मी सुटे देऊ? मी कुठून देणार — ड्युटीवर स्वतःचा एक येनसुद्धा खिशात ठेवायचा नाही आम्ही, नियमच आहे. सकाळी सगळं लॉकरात. पेटीत पडलं ते कंपनीचं, मधे आमचा हात नाही. कुठं उतरणार? इस्पितळ. हं. बसा, निघायला अजून सहा मिनिटं आहेत, तुमच्याशिवाय कोणी नाही.

आणि ही चिठ्ठी घ्या. चारशे दहा लिहिलंय. उद्या-परवा, कधीही, कुठल्याही गाडीत चिठ्ठी नि पैसे पेटीत टाका. झालं. आभार कसले, एवढ्यासाठीच छापल्यात त्या. दिवसाला एखादी देतोच मी, म्हातारी माणसं सुटे विसरतात.

आईला नाही दिली.

काही नाही हो — आई याच गाडीनं यायची, मंगळवारी, बाजार करून. झालं काय, जानेवारीत माझ्याच गाडीत यंत्र अडकलं, कुणीतरी नवी नोट घातली. वीस मिनिटं उशीर, डेपोत माफीनामा लिहून दिला, सत्तावीस वर्षांत पहिला. घरी जेवताना आईवर काढलं सगळं. तिचा काय संबंध? काही नाही. समोर ती होती. म्हटलं, नवी नोट घेऊन माझ्या गाडीत चढायचं नाही, लाज जाते माझी. ती म्हणाली, बरं. मुळ्याचं लोणचं पुढं सरकवलं आणि म्हणाली, बरं.

पुढच्याच मंगळवारी चढली. गाडीत पाच-सहा माणसं. तो फलक बघितलात ना, एकेक स्टॉप मागं पडला की भाडं वाढतं, उतरताना भरायचं — शाळेपर्यंत दोनशे ऐंशी, पुढं आमच्या वरच्या आळीला तीनशे वीस. सिग्नलला आरशात दिसली. तळहातावर नाणी मोजत होती, पुन्हा पुन्हा. बटव्यात नोट होती — कोरी, नवी, लांबूनही कळते हो — ती तिनं परत आत ढकलली. आणि शाळेला घंटी वाजवली. एक स्टॉप अलीकडं. पुढं आली, दोनशे ऐंशी टाकले, वाकून ‘धन्यवाद’ म्हणाली, कुठल्याही प्रवाशासारखी. मी म्हटलं, ‘पायाखाली बघून उतरा.’ आईला. माईकमधनं.

मला कळलं होतं. कळलं नाही असं बहिणीला सांगितलं, चिझुकोला, पण कळलं होतं. एक चिठ्ठी तर फाडायची होती. दुसरी कुठली म्हातारी असती तर म्हटलं असतं, बसा आजी, उद्या द्या. पण ही पडली आई — लोक म्हणतील घरच्यांना फुकट नेतो, माफीनाम्याची शाई वाळायची होती अजून... छे, तेही खरं नाही. घुश्शात होतो मी. कशाच्या, ते आता धड आठवतही नाही. दार लावलं आणि गाडी काढली.

शाळेपासून वर चढ आहे. बर्फ गोठलेला. खुब्याचं हाड मोडलं. एकोणचाळीस दिवस झाले.

नाही, गेलो नाही बघायला. दिवसातनं सहा वेळा त्याच इस्पितळाच्या दारावरनं जातो. चिझुको जाते. तिला आई एवढंच सांगते, ‘मला चालायचं होतं गं.’ एखादी शिवी हासडली असती तर गेलो असतो, काहीतरी बोलायला झालं असतं. आता काय बोलू? तसं काही वाटत नाही मला, खरंच. झोप लागते, जेवण जातं. ती मात्र दर सोमवारी चिझुकोकडनं माझ्या ड्युटीच्या वेळा लिहून घेते म्हणे. वेळ झाली की नर्सला सांगते, मला खिडकीशी बसवा. तिसरा मजला, रस्त्याच्या अंगाला. हात करते म्हणे. करत असेल. गाडी चालवताना मी वर बघत नाही, रस्ता बघतो.

चला, दोन बत्तीस झाले. नाही ताई, निरोप वगैरे काही नाही. मागं जाऊन बसा. गाडी सुरू झाली की चालकाशी बोलायचं नसतं.