भोक पाडलेली उशी

(गाड्यांची सीट कव्हरं शिवायची खोली. दोघी जावा समोरासमोरच्या मशीनवर. दुपार.)

थोरली : मलमाची ट्यूब आणलीस?

धाकटी : नाही आणली. आधी डॉक्टरांकडे गेले होते. त्या म्हणाल्या, मलम देणार नाही, जिचं दुखणं आहे तिलाच घेऊन या.

थोरली : म्हणजे माझं नाव सांगितलंस. आता दवंडी तेवढी पिटायची राहिली.

धाकटी : नाव नाही सांगितलं. जाऊबाई म्हटलं.

थोरली : जाऊ तुला एकच आहे. अगं, मूळव्याध ती. दिवसभर बूड टेकून बसायचा धंदा आपला, दुसरं काय होणार? तुलाही झालीच होती की.

धाकटी : झाली होती म्हणूनच सांगतेय. माझा कोंब बाहेर यायचा, परत आत जायचा. पोट साफ व्हायला लागलं, तशी थांबली. तुमचं तुमच्या धाकट्या मुलाच्या परीक्षेच्या आधीपासून चाललंय. रक्त जातं, खाज सुटते, आणि हाताला टणक लागतं, हलत नाही, हे तुम्हीच म्हणालात.

थोरली : चुकले तुला सांगून.

धाकटी : आणि ही उशी. फोमला भोक पाडलंत तेव्हा म्हटलं, बरं सुचलं बाईंना. मग ते वाढवलंत. परवा पुन्हा वाढवलंत. तुकडे मीच झाडते ना.

थोरली : तुझं लक्ष शिलाईवर कमी आणि माझ्या बुडाखाली जास्त.

धाकटी : असू दे. डॉक्टरांनी विचारलं, जाऊबाईंना पूर्वी काही झालं होतं का. मी सांगितलं, गर्भाशयाच्या तोंडाशी पेशी बदलल्या होत्या, वेळेत काढल्या.

थोरली : ते कधीच बरं झालं. ते पुढचं, हे मागचं. संबंध काय?

धाकटी : दोन्हीकडे त्रास देणारा विषाणू एकच, डॉक्टर म्हणाल्या. नवरा-बायकोच्या संबंधातून येतो. बहुतेकांना कधी ना कधी होऊन जातो, पत्ताही लागत नाही. कुणाकुणात मात्र दबा धरून बसतो. एकीकडे त्रास दिला असेल, तर दुसरीकडेही लक्ष ठेवावं लागतं. सिगारेट ओढणाऱ्यांना धोका आणखी जास्त.

थोरली : कॅन्सर म्हण ना सरळ.

धाकटी : कॅन्सर. म्हटलं. असेलच असं नाही, पुष्कळदा मूळव्याधच निघते. पण बघितल्याशिवाय कोण सांगणार? आणि लवकर सापडला तर बहुतेक जण बरे होतात, हेही त्याच म्हणाल्या.

थोरली : लोक म्हणतील, हिने केलं तरी काय असं.

धाकटी : संसार केलात. त्याला तेवढं पुरतं.

थोरली : पण तिथलं दाखवायचं कसं गं? मला नाही जमायचं.

धाकटी : गिऱ्हाईक सीट घेऊन येतं. म्हणतं, काहीतरी टोचतंय, वरून जाड फोम चिकटवून द्या. तुम्ही काय करता?

थोरली : झापते. आधी कव्हर उसवायचं, आत बघायचं. स्प्रिंग तुटली असेल तर वर गादी घातली तरी...

धाकटी : हं.

थोरली : मोठी शहाणी. मुद्दाम विचारलंस.

धाकटी : मुद्दामच.

थोरली : बघतात कशाने?

धाकटी : आधी बोटाने, मग लहानशी नळी घालून. शंका आली तर बारीकसा तुकडा तपासायला घेतात. मी आत येणार आहे. तुम्ही भिंतीकडे तोंड करून पडायचं, बाकी मी बघते.

थोरली : ऐक. जांघेतसुद्धा एक गाठ लागते. ते तुला सांगितलं नव्हतं.

धाकटी : उठा.

थोरली : आत्ता? हे कव्हर अर्धं झालंय.

धाकटी : अर्धंच राहू दे.

थोरली : तिथे लाकडी बाक असतील गं. उशी घेऊ का?

धाकटी : घेतली मी. तुम्ही चपला घाला.